मुंडू अर्धा कसा सोडतात

आधी बस. चहा नंतर सांगू. नुसतं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस, मध्ये बोललास की सगळं उलटंपालटं होतं. लिजेशच्या गुडघ्यांचं ऐकलंस का? नाही ना? मग पंधरा दिवस होतास कुठे तू?

आपला लिजेश रे, वेळ्ळिक्कुन्नच्या विणकर सोसायटीतला. सहा वर्षं झाली, टेम्पररी. सहा वर्षं तो काउंटरमागे उभा राहून मुंडू विकतोय, कमरेला गुंडाळायचे. पांढरा मुंडू लाल काठाचा. पांढरा मुंडू तीनरंगी काठाचा. पांढरा मुंडू भगव्या काठाचा. हिरवासुद्धा आहे, पण तो मागच्या कपाटात, कुणी हळू आवाजात मागितला तरच काढायचा. निवडणूक आली की सगळ्यांचे गठ्ठे एकाच टेम्पोतून जातात. आणि विणतं कोण? सगळे एकटी नारायणीएडत्ती विणते, एकाच मागावर. सकाळी लाल सूत लावते, जेवून आली की तीनरंगी. तिला कुणी विचारलं, एडत्ती, ताई, तुझा पक्ष कुठला, तर म्हणते, "जो आज मागावर आहे तो."

तर लिजेशचं कायम होण्याचं प्रकरण एकदाचं बोर्डापुढे आलं. सोमवारी अकराला मीटिंग. बोर्डावर सात जण, सातही लालकाठे, आणि अध्यक्ष कणारनेट्टन, सगळ्या गावाचे एट्टन, थोरले भाऊ. म्हणजे बोर्ड सात जणांचं असलं तरी मान एकच हलते, बाकी सहा तिच्या मागोमाग. लिजेशची अम्मा सहा महिने रोज सांगतेय, "पोरा, सोमवारपर्यंत कुणाशी भांडू नकोस, कुणाकडे बघून हसू नकोस, कणारनच्या समोर शिंकूसुद्धा नकोस." वय एकतीस. एक लग्न ठरता ठरता मोडलं, कारण मुलीच्या बापानं विचारलं, कायम आहे का, आणि हा म्हणाला, होईल. आता दुसरं स्थळ आलंय, तेही सोमवारकडेच डोळे लावून बसलंय. लक्षात आलं ना, किती अडकलंय ते? ठीक.

आता मुंडूची रीत तुला काय सांगायची. कामात, चालताना, भांडताना वर खोचायचा, गुडघ्यापर्यंत. मोठं माणूस समोर आलं की सोडायचा, घोट्यापर्यंत. सोडला म्हणजे मान दिला. नाही सोडला म्हणजे, तू कोण रे? आणि सोडलेला मुद्दाम परत खोचला म्हणजे, चल ये बाहेर. हे आपल्याकडे पोर बोलायच्या आधी शिकतं. पण एक गोष्ट बघ, कधी डोक्यात आली नसेल तुझ्या. मुंडू खोचला की खालचा काठ कमरेला जातो, शर्टाखाली दडतो. म्हणजे खोचलेल्या मुंडूला पक्षच नसतो. सोडला की पक्ष घोट्यावर येतो.

इथंच सगळा घोटाळा झाला.

रविवारी प्रेमनच्या बहिणीच्या लग्नाची तयारी. तुला माहीतच आहे, लग्नघरी कामाला पक्ष नसतो, नारळ खवायला सगळे. पंचवीस-तीस जण, सगळ्यांनी आपापले पांढरे मुंडू काढून परसातल्या दोरीवर टाकले आणि चौकड्याच्या लुंग्या गुंडाळून बसले. पांढऱ्याला फणसाचा चीक लागला की तो मुंडू गेला म्हणून समज. लिजेश अवियलसाठी सुरण चिरत होता, हात खाजत होते. तेवढ्यात फोन. प्रजिनाचा. प्रजिना म्हणजे सोसायटीतली क्लार्क, लिजेशच्या शेजारचीच, जीभ अशी की कोयता परवडला.

"कुठे मेलायस?"

"लग्नघरी. सुरण चिरतोय."

"सुरण चीर नाहीतर गळा चीर, पण आधी चौकात ये. कणारनेट्टन वाचनालयाच्या कार्यक्रमाला चाललेत, ओतेननेट्टनच्या टपरीवर चहाला थांबणार. बाकीचे तिघं टेम्पररी केव्हाचे जाऊन उभे आहेत, इस्त्री करून. तू तेवढा सुरण चिरत बस."

लिजेश उठला, हात पुसले, दोरीवरून मुंडू ओढला. दोरीवर ओळीनं तीस मुंडू, सगळे पांढरे, सगळे नारायणीएडत्तीचे, घड्या सारख्या. सहा वर्षं मुंडू विकणारा माणूस, त्याला वाटलं आपला हात चुकायचा नाही. गुंडाळला, लगेच वर खोचला, वरून शर्ट, आणि स्कूटर सुरू.

चौकात पोचला. स्कूटर स्टँडला लावताना वाऱ्यानं शर्ट उडाला, आणि कमरेला काय दिसलं? तीन रंग.

बोबडी वळली रे त्याची. लाल सोसायटी, लाल बोर्ड, उद्या अकराला मीटिंग, आणि हा तीनरंगी कमरेला बांधून लाल चौकात उभा. ओतेननेट्टनच्या टपरीवर तर चहाचे ग्लाससुद्धा लाल. लिजेशनं शर्ट खाली ओढून धरला आणि स्कूटरला परत किक मारणार, एवढ्यात जीप आलीच. समोरच थांबली. कणारनेट्टन उतरले.

टपरीवरचे पंधरा जण एकदम उठले. आणि पंधरा हात पंधरा कमरांना. सप, सप, सप, सगळे मुंडू खाली. त्या तिघा टेम्पररींनी तर इतक्या जोरात सोडले की एकाचा घोट्यातच अडकला आणि तो पुढच्याच्या पाठीवर पडला. म्हातारा कुञ्ञिरामन, ज्याला धड उभं राहता येत नाही, त्यानंही काठी काखेत धरून सोडला.

लिजेशचा हात कमरेपर्यंत गेला. आणि तिथंच राहिला.

आता बघ ना. सोडावा, तर पक्ष उघडा. न सोडावा, तर माज उघडा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय म्हणतात ना, ते हे. तो विचार करत राहिला, आणि विचार करायला जेवढा वेळ लागला तेवढाच पुरेसा होता. कणारनेट्टननी पाहिलं. तोंडाकडे नाही पाहिलं. गुडघ्यांकडे पाहिलं. उजव्या, मग डाव्या. मग हळूच म्हणाले, "ओतेना, चहा राहू दे." आणि जीपमध्ये बसून गेले.

चहा राहू दे. बावीस वर्षांत कणारनेट्टननी ओतेनकडचा चहा सोडला नव्हता, संपाच्या दिवशीसुद्धा मागच्या दारानं प्यायले होते.

"काय रे ए," ओतेननेट्टन म्हणाला, "पाय दाखवायला आलायस? उद्या नोकरी आहे का सौंदर्यस्पर्धा?"

"ओतेननेट्टा, कंबर धरली हो."

"कंबर धरली म्हणून हात तिथंच ठेवलास होय. मला वाटलं, कमरेला पिस्तूल आहे."

लिजेश काय सांगणार? खरं कारण सांगितलं तर त्याहून वाईट. मान न देणं हा एक वेळ उद्धटपणा, चार शिव्या खाऊन मिटतो. पण तीनरंगी काठ? त्याला आपल्याकडे माफी नाही, त्याला सभा भरते.

आणि मग जे सुरू झालं ते ऐक. स्कूटर वळवून लिजेश लग्नघरी परत जाईपर्यंत, म्हणजे किती, वीस मिनिटं, तेवढ्यात तो बंडखोर झाला होता. रस्त्यातच लालकाठ्यांच्या युवा शाखेतले दोघं आडवे आले. हे दोघं गेली दोन वर्षं कणारनेट्टनवर जळतायत, पण रोज सकाळी मुंडू सोडतात. त्यातला एक लिजेशचा हात धरून म्हणतो, "कॉम्रेड, कुणीतरी हे करायलाच पाहिजे होतं."

"काय करायला?"

"आता बोलू नकोस. आम्हाला कळलं. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. फक्त जाहीरपणे नाही."

पुढं शाळेपाशी मास्तर भेटले, त्यांनी तर सिद्धान्तच मांडला. म्हणे, खोचलेला मुंडू हे श्रमिकाचं रूप, सोडलेला मुंडू हे सरंजामी रूप, म्हणून लिजेशची कृती वर्गीय आहे. हे बोलताना मास्तरांचा स्वतःचा मुंडू घोट्यापर्यंत होता, आणि त्याला आतून अस्तर होतं.

लिजेश सरळ लग्नघराच्या परसात. त्याला एकच पाहिजे होतं, स्वतःचा मुंडू. दोरीवर बघतो तर एकही नाही, सगळे जेवायला आपापले गुंडाळून बसलेले, आणि पंगतीत सगळे खोचलेले, म्हणजे काठ कुणाचाच दिसत नाही. आता पंचवीस बाप्यांना शर्ट वर करा म्हणायचं का? तो पंगतीच्या कडेनं फिरत राहिला. आणि मग नवरीमुलीचे थोरले मामा आले, नव्वदीचे. सगळी पंगत उठली, सगळ्यांनी सोडले. एकजण बसून राहिला. सुगतन. तीनरंग्यांचा वॉर्ड सेक्रेटरी. खाली मान घालून सांबारात भात कालवतोय, कालवतोय, भाताची पार पेज झाली तरी कालवतोय.

मामा म्हणाले, "हा कुणाचा रे? पाय मोडलाय का?"

सुगतन म्हणाला, "मुंग्या आल्यात मामा. दोन्ही पायांना."

लिजेशनं त्याच्याकडे पाहिलं, सुगतननं लिजेशकडे. दोघांचे हात कमरेला. पुढच्या मिनिटाला दोघं केळीच्या बागेमागे.

"हरामखोरा," सुगतन म्हणाला, "तुझा लाल काठ बांधून मी मघापासून आमच्या जिल्हाध्यक्षासमोर उकिडवा बसलोय. तो विचारतो, सुगता, मूळव्याध आहे का. मी हो म्हणालो. त्यानं वैद्याचा पत्ता दिला."

"आणि माझी नोकरी गेली त्याचं काय? सोड आधी, दे इकडं."

"तू आधी दे."

"एकदम देऊ. तीन म्हणलं की."

असे दोघं केळीच्या पानाआड उभे, आत चड्ड्या, हातात एकमेकांचे पक्ष. तीन म्हणले, अदलाबदल झाली, दोघांनी गुंडाळले, आणि इतकं हायसं वाटलं म्हणे दोघांना की बाहेर येताना सुगतननं लिजेशच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच चुकलं. कारण केळीच्या बाहेर भांडी घासायला बसलेल्या चार बायका होत्या, आणि त्यांनी काय पाहिलं? एक लाल, एक तीनरंगी, दोघं गुपचूप झाडीत गेले, पाच मिनिटांनी हसत, खांद्यावर हात टाकून बाहेर आले.

चार वाजेपर्यंत गावभर झालं. लिजेश पक्ष बदलतोय. दुपारी गुडघे दाखवले, मग केळीत बोलणी झाली. वॉर्डाचं तिकीट ठरलं. कुणी म्हणे, पंचायतीचं उपाध्यक्षपद. संध्याकाळी लिजेशच्या अम्माला शेजारीण विचारते, "नाणीएडत्ती, तुमच्याकडे आता झेंडा कुठला लावायचा?" अम्मानं लिजेशला घरात घेतलंच नाही अर्धा तास.

प्रजिनाला मात्र त्यानं खरं सांगितलं. ती कुंपणापलीकडे वेणी घालत बसली होती. सगळं ऐकलं, आणि एवढी हसली की विहिरीवरचे कावळे उडाले.

"म्हणजे सबंध गावाचं राजकारण तुम्हा बाप्यांच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत," ती म्हणाली. "आम्ही चुडीदार घालतो. कुणी आलं तरी तो तेवढाच राहतो. आम्हाला मान द्यायचा असला तर तोंडानं द्यावा लागतो."

"हसू नकोस. उद्या काय करू ते सांग."

"पँट घालून जा."

"मुंडूच्या सोसायटीत पँट? तिथंच पुरतील मला."

"मग खरं सांग."

"खरं सांगू? तीनरंगी होता म्हणून?"

प्रजिनानं वेणीचं टोक बांधलं. म्हणाली, "नको. खरं सांगितलंस तर ते म्हणतील, बहाणा तरी नीट शोधून यायचा."

आणि अगदी तेच झालं.

सोमवारी अकराला लिजेश बोर्डाच्या खोलीत गेला. स्वतःचा मुंडू, लाल काठ, निळीतून काढून कडक इस्त्री, दाराच्या आधी दहा पावलांपासूनच घोट्यापर्यंत सोडलेला. सात जण बसलेले. पुढ्यात केळ्याचे वेफर्स. प्रजिना कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. कणारनेट्टन बराच वेळ कागद वाचत बसले, कागद कोरा होता हे प्रजिनाला बसल्या जागेवरून दिसत होतं.

मग म्हणाले, "केळीत काय ठरलं?"

"काही नाही कणारनेट्टा. आम्ही मुंडू बदलत होतो."

"कुठल्या मुद्द्यावर?"

"मुद्दा नाही, मुंडू. दोरीवर अदलाबदल झाली होती. काल चौकात माझ्या अंगावर सुगतनचा होता, तीनरंगी, म्हणून मी सोडला नाही. आपला मान राखायलाच सोडला नाही."

मग दोन नंबरचा सदस्य फिस्सकन हसला, मग बाकीचे पाच. कणारनेट्टन हसले नाहीत. म्हणाले, "लिजेश, सहा वर्षं तू आमच्याकडे मुंडू विकतोस. तुला मुंडू ओळखता येत नाही असं सांगतोस, आणि विक्रेता म्हणून कायम करा म्हणतोस?"

बघ कसा पकडला. लिजेशनं एकदा प्रजिनाकडे पाहिलं. ती मान खाली घालून लिहीत होती. मग त्यानं थाप मारली. म्हणाला, "खरं सांगतो. सुगतन चाळीस मुंडूंची ऑर्डर देत होता, त्यांच्या मेळाव्यासाठी. वीस टक्के सूट मागत होता. चारचौघांत मागायची लाज वाटली त्याला."

हे मात्र सातही जणांना लगेच पटलं. कणारनेट्टन म्हणाले, "दहा टक्क्यांवर घे. आणि आगाऊ पैसे." आणि केळीचं प्रकरण मिटलं. तीनरंगी काठ अंगावर होता हे खोटं ठरलं, आणि तीनरंगी काठ सूट देऊन विकतोय हे खरं, आणि चांगलं.

राहिले गुडघे.

कणारनेट्टन उठून उभे राहिले. त्यांच्यामागे भिंतीवर हात केला, तिथं जुना फोटो आहे बघ, बांधावरून चाललेल्या माणसांचा. म्हणाले, "हा तुझा पणजोबा, पोक्कन. त्या काळी आपल्यातल्या माणसाचा मुंडू गुडघ्याखाली आला तर जमीनदाराची माणसं फोडून काढायची. पोक्कननं एक दिवस घोट्यापर्यंत सोडला आणि त्याच्या अंगणासमोरून चालत गेला. पाठ सोलली त्याची. दुसऱ्या दिवशी पन्नास जण तसेच सोडून चालत गेले. त्यात माझा बाप होता. मुंडू खाली सोडायचा हक्क त्या लोकांनी रक्त सांडून मिळवला." इथं त्यांचे डोळे भरून आले, खरंच भरून आले, खोटं नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "आणि तू माझ्यासमोर तो सोडत नाहीस?"

कळलं का तुला? पणजोबानं सोडला म्हणून मार. पणतूनं सोडला नाही म्हणून नोकरी नाही. आणि उभं करून बघणारा दोन्हीकडे तसाच, तेव्हा अंगणातला जमीनदार, आता फोटोतल्याच माणसाचा पोरगा, खुर्चीतला.

लिजेशला हे तेव्हाच्या तेव्हा कळलं म्हणे. ओठावरसुद्धा आलं. पण अम्मा आठवली, स्थळ आठवलं, आणि तो म्हणाला, "चुकलं. आता सोडलाय बघा."

"हा सोडून आलायस. सोडताना कुठं दिसला? आधी खोच."

"इथं?"

"इथं. खोच, आणि मग सोड. बोर्डाला दिसू दे."

लिजेशनं खोचला. सात जणांसमोर, प्रजिनासमोर, गुडघे उघडे टाकून उभा राहिला. मग सोडला. कणारनेट्टननी मान हलवली, बाकीच्यांनी हलवली, एकानं नाही. तो फोनवर होता. फोन ठेवून विचारतो, "झालं का? मला नाही दिसलं." मग परत. खोचला, सोडला. तिसऱ्यांदा तर खजिनदार म्हणाला, "जरा सावकाश सोड, ते मानाचं वाटत नाही, गरमी झाल्यासारखं वाटतं."

तीन वेळा रे. प्रजिना सांगत होती, तिनं इतिवृत्तात लिहिलं, सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.

पत्र मिळालं. कायम. पण खाली बारीक अक्षरात, एक वर्ष परिवीक्षा, वर्तणूक समाधानकारक असल्यास. म्हणजे लगाम हातातच.

तुला वाटेल संपलं. आता तर खरी गंमत सुरू होतेय. मंगळवारपासून लिजेशनं सोडायला सुरुवात केली. कणारनेट्टन समोर आले की सोडतो, हे ठीक. ते वळून गेले की परत खोचतो, आणि त्यांनी मागं पाहिलं की परत सोडतो. त्यांची जीप आली की सोडतो. रिकामी जीप आली तरी सोडतो. जीप धुवायला नेली तर तिथं उभा राहून सोडतो. भिंतीवरच्या पोस्टरवर त्यांचं तोंड आहे, येता-जाता त्याच्यासमोर सोडतो. त्यांचा फोन आला तर आधी काउंटरमागे सोडतो आणि मग हॅलो म्हणतो. एक दिवस चौकात त्यांचा कुत्रा आला, लिजेश चहा पीत होता, ग्लास खाली ठेवला, उठला, सोडला, हात जोडले. कुत्रा बिचारा दचकून मागं सरकला.

चेहरा अगदी गंभीर. हसणं नावाला नाही. कुणी म्हणालं, अरे जरा जास्त होतंय, तर म्हणतो, "मानात जास्त काय आणि कमी काय? माझी परिवीक्षा चालू आहे."

आणि आता याला उद्धट म्हणणार कसं? उद्धटपणा म्हणजे न सोडणं. हा तर सोडतोच आहे. पोरं शाळेत जाताना त्याची नक्कल करायला लागली, एक जण कणारन होतो, बाकीचे चड्ड्या खाली ओढतात. टपरीवर जीप आली की लोक मुंडू सोडायच्या ऐवजी लिजेशकडे बघायला लागले. ओतेननेट्टन तर म्हणतो, गिऱ्हाईक वाढलं. काही जण सोडताना तोंड फिरवून खुसखुस करतात. युवा शाखेतले ते दोघं परत आले, म्हणाले, "कॉम्रेड, हे त्याच्याहून भारी आहे." लिजेश म्हणाला, "कशाच्याहून?" त्याला स्वतःलाच माहीत नाही रे, तो टोमणा मारतोय की घाबरलाय. प्रजिनानं तोंडावर विचारलं. म्हणाला, "सुरुवातीला घाबरूनच सोडत होतो. कुत्र्यापासून पुढचं मला सांगता येत नाही."

आणि काल कणारनेट्टननी प्रजिनाला फोन करून तिच्याकरवी निरोप पाठवला. उद्या ओणमच्या सूट-विक्रीचं उद्घाटन आहे ना सोसायटीत, दहा वाजता, जिल्ह्याचे मोठे कॉम्रेड येतायत फीत कापायला. निरोप काय? लिजेशला सांग, उद्घाटनाला माझ्यासमोर मुंडू सोडू नकोस, लोक हसतात.

लिजेश म्हणाला, "बरं, नाही सोडत."

तेवढ्यात परत फोन. नको, सोड. जिल्ह्याचे कॉम्रेड बघत असणार, कर्मचारीच सोडत नाही म्हणजे त्यांना वाटेल, गावात माझं काही चालत नाही.

"बरं, सोडतो."

पाच मिनिटांनी तिसरा फोन. सोडलास आणि लोक हसले, तर ते कॉम्रेड विचारतील का हसले. तसं करू नकोस. काहीतरी मधलं कर.

"मधलं म्हणजे?"

"म्हणतायत, अर्धा सोड," प्रजिना म्हणाली.

अर्धा. मुंडू अर्धा कसा सोडतात? गुडघ्यावर असतो नाहीतर घोट्यावर. मधे पोटरीवर धरला तर तो मान नाही, आणि माजही नाही, तो नाला ओलांडणं झालं. काल दुपारभर लिजेश गोदामात आरशासमोर अर्धा सोडून बघत होता. नारायणीएडत्ती माग थांबवून बघत होती. शेवटी म्हणाली, "पोरा, चाळीस वर्षं विणतेय, असा मुंडू मी विणलेला नाही."

तर आता असं आहे. उद्या दहा वाजता. काउंटर, समोर फीत, फितीपलीकडे जिल्ह्याचे कॉम्रेड, त्यांच्याशेजारी कणारनेट्टन, मागं सगळं गाव, आणि कुणीही मुंडूंची सूट बघायला येणार नाहीये, सगळे गुडघे बघायला येणारेत. खिशात परिवीक्षेचं पत्र, साडेअकरा महिने बाकी. अम्मा म्हणते, सोड आणि गप्प बस. प्रजिना म्हणते, सोडू नकोस, एकदा तरी समजून-उमजून सोडू नकोस. लिजेश कालपासून जेवलेला नाही, दोघींनाही हो म्हणतोय.

आता बोल. तू त्या काउंटरमागे असतास, हात कमरेला, तर काय केलं असतंस?